प्रयोगशाळेसाठी पाणी शुद्धीकरण यंत्रणा: १८.२ च्या आकड्यापलीकडे काय बघायचं?

निर्झरा

आमच्या संस्थेत नवी प्रयोगशाळा उभी राहते आहे आणि पाण्याची यंत्रणा निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. विक्रेत्यांची माहितीपत्रकं समोर आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर १८.२ मेगाओम-सेंमी (पाण्याचा विद्युतरोध, आयन जितके कमी तितका जास्त) हा आकडा ठळक छापलेला आहे, त्यामुळे तुलना नेमकी कशाची करायची हेच कळेनासं झालंय.

आमचा वापर असा: दोन एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं), पुढच्या टप्प्यात एक आयसीपी-एमएस (अत्यल्प मूलद्रव्यं मोजणारं यंत्र), पेशीसंवर्धनाची छोटी खोली, दोन ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रं), आणि काचसामान धुणं. रोजचं पाणी दीडशे लिटरच्या आसपास, पण त्यातलं शंभरावर लिटर नुसतं धुण्यालाच जाईल. खरोखर अतिशुद्ध पाणी लागेल ते पंधरा लिटरच्या आत. नळाला येणारं पाणी कधी सार्वजनिक पुरवठ्याचं असतं, कधी बोअरचं. दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत येतं.

सगळंच पाणी अतिशुद्ध करणारं एक मोठं यंत्र घ्यावं, की मध्यवर्ती आरओ बसवून जिथे गरज तिथे छोटं पॉलिशिंग युनिट (शेवटची बारीक शुद्धी करणारं) लावावं? शिवाय जुना काचेचा डिस्टिलेशन संच पडून आहे. "तोच चालू करा की," असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.

स्तंभ

चांगला धागा. एचपीएलसीच्या बाजूने लिहितो.

१८.२ ही २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याची कमाल मर्यादा आहे. पाण्याचे स्वतःचेच हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन उरतात, त्यांचा हा आकडा. त्याच्या वर कुणीच जाऊ शकत नाही आणि रेझिन (आयन पकडणारे मणी) ताजं असेल तर बहुतेक सगळी यंत्रं तिथे पोचतात. म्हणजे तुलनेसाठी तो निरुपयोगी आहे. दुसरं म्हणजे तो फक्त आयनांबद्दल बोलतो. त्याच पाण्यात थोडं मिथेनॉल किंवा साखर विरघळवा, आकडा ढिम्म हलणार नाही.

आम्हाला छळतात ते सेंद्रिय पदार्थ. ग्रेडियंट रन (पाण्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक हळूहळू वाढवत नेणं) सुरू करण्याआधी कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) जलीय बाजूवर तोलत ठेवतो ना, म्हणजे त्यातून बराच वेळ पाणीच सोडत राहतो, तेव्हा पाण्यातले सेंद्रिय अंश कॉलमच्या तोंडाशी गोळा होत राहतात. मग ॲसिटोनायट्राइल वाढायला लागलं की सुटतात आणि २१० नॅनोमीटरला भूत-पीक (नमुन्यात नसलेल्या पदार्थांचे खोटे उंचवटे) दिसतात. शंका आली तर नमुना न टोचता दोन कोरे ग्रेडियंट चालवा, एक थोडा वेळ तोलून आणि एक बराच जास्त वेळ तोलून. तोलण्याचा वेळ वाढवल्यावर पीक वाढलं तर दोष जलीय बाजूचा. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला हा प्रयोग आधी करायला लावतो.

म्हणून विक्रेत्याला टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) विचारा. यंत्र तो स्वतः मोजतं का, सतत मोजतं का, आणि किती पीपीबीची (अब्जात एक भाग) हमी देतात? आमच्या कामाला ५ पीपीबीच्या आत हवा. यूव्ही दिव्याची तरंगलांबीही विचाराच. २५४ नॅनोमीटर जंतू मारतो, पण सेंद्रिय पदार्थ फोडायला १८५ नॅनोमीटर लागतो. पत्रकात नुसतं "यूव्हीसह" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नका.

अंशमात्र

स्तंभ यांच्याशी सहमत, आणि आयसीपी-एमएस येणार आहे म्हणून थोडी भर.

आयनांच्या बाबतीतसुद्धा तो आकडा आमच्यासाठी पुरेसा बारीक नाही. गणित करून बघा. १ पीपीबी मीठ पाण्यात आलं तर १८.२ चे साधारण १७.५ होतात. ०.१ पीपीबी आलं तर १८.१. आणि आयसीपी-एमएसवर आपण त्याच्याही शंभरपट खालचं सोडियम बघत असतो, तिथे पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही.

सिलिका आणि बोरॉन हे सगळ्यात लबाड. दोन्ही जवळजवळ आयनीभूत होत नाहीत, त्यामुळे रेझिन दमायला लागलं की सर्वात आधी हेच निसटतात आणि मीटर मात्र १८ च्या वरच राहतो. म्हणून मी मीटर पडायची वाट बघत नाही. ब्लँकमधला (नमुन्याशिवायच्या कोऱ्या चाचणीतला) बोरॉन चढायला लागला की पॉलिशिंग कार्ट्रिज बदलते.

अजून एक. अतिशुद्ध पाणी काचेत घेऊ नका, बोरोसिलिकेट काच स्वतःच बोरॉन, सोडियम, सिलिका सोडते. पीएफए (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) किंवा चांगलं पॉलिप्रॉपिलीन वापरा. आणि साठवू तर अजिबात नका, हवं तेव्हा हवं तेवढं काढा.

पाना_पकड

मी या यंत्रांची देखभाल करतो. सगळे बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल बोलतायत, मी आत येणाऱ्या पाण्यापासून सुरुवात करेन. बंद पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेक मी आतल्या पाण्यापायी बंद पडलेली पाहिली आहेत.

निर्झराताई, दोन्ही स्रोतांचं पाणी वेगवेगळं तपासून घ्या. टाकीतला एकत्र नमुना नको, कारण ज्या दिवशी फक्त बोअर चालू असेल त्या दिवशी यंत्राला निव्वळ बोअरचंच पाणी प्यायचं आहे. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, अल्कलिनिटी, सिलिका, लोह, मुक्त आणि एकूण क्लोरीन, गढूळपणा, आणि जमलं तर एसडीआय. एसडीआय म्हणजे बारीक गाळाने मेम्ब्रेन (आरओचा गाळणपडदा) किती लवकर तुंबेल याचा निर्देशांक. तो ५ च्या आत हवा, ३ च्या आत असेल तर उत्तम. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

क्लोरीन का, तर आरओचं पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने कायमचं खराब होतं. आधीच्या कार्बन फिल्टरचं मुख्य काम तेच असतं. कार्बन वेळेवर बदलला नाही तर मेम्ब्रेन जातं आणि मग "मेम्ब्रेनच हलकं होतं" अशी तक्रार येते.

आरओची क्षमता २५ अंशाला सांगितलेली असते हेही ध्यानात घ्या. पाणी थंड झालं की प्रत्येक अंशाला साधारण ३ टक्के उत्पादन घटतं. तासाला १० लिटर देणारं यंत्र १५ अंशाच्या पाण्यावर सातेक लिटरच देईल.

निर्झरा

सगळ्यांचे आभार. पाना_पकड, योगायोगाने बोअरचा अहवाल हाताशी आहे: टीडीएस ६२०, कठीणपणा ३४०, सिलिका २८, सगळं मिग्रॅ/लि. मध्ये. लोह नगण्य, क्लोरीन नाही. पुरवठ्याच्या पाण्याचा टीडीएस २१०, मुक्त क्लोरीन ०.४.

एक विक्रेता म्हणतो ईडीआय (विजेने रेझिन सतत ताजं ठेवणारी यंत्रणा) घ्या, कार्ट्रिज बदलायची कटकटच नाही. दुसरा म्हणतो आरओची गरजच नाही, थेट डीआय कार्ट्रिज (आयन काढणाऱ्या रेझिनचं भांडं) लावा. कुणाचं ऐकू?

पाना_पकड

आधी दुसऱ्याचं बघू. मिश्र रेझिनच्या एका लिटरची क्षमता साधारण ५०० मिलीइक्विव्हॅलंट (आयनांचा भार मोजायचं एकक) धरा. ६२० मिग्रॅ क्षार सगळे मीठच आहेत असं ढोबळ मानलं तर लिटरमागे साडेदहा मिलीइक्विव्हॅलंट. म्हणजे एक लिटर रेझिन फक्त ४७ लिटर पाणी देऊन संपलं! तेच आरओने ९७ टक्के क्षार काढून टाकले तर हाच आकडा १५०० लिटरच्या पुढे जातो. तुमच्या रोजच्या दीडशे लिटरला थेट डीआय म्हणजे कार्ट्रिज बदलत बसायचं.

पण इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. आरओ मेम्ब्रेन क्षार अडवतं, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. तो वायू आहे, आरपार जातो आणि पुढे रेझिनला जाऊन चिकटतो. लिटरमागे १० मिग्रॅ कार्बन डायऑक्साइड असला, आणि बोअरच्या पाण्यात एवढा सहज असतो, तर रेझिनवर जवळपास पाव मिलीइक्विव्हॅलंट जादा भार येतो. उरलेल्या क्षारांचा भार असतो ०.३ च्या आसपास. म्हणजे १५०० लिटरचे झाले ९००. कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर बघून रेझिनचं आयुष्य काढणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. चौकशीत "फीडमधला कार्बन डायऑक्साइड धरून कार्ट्रिज किती लिटर चालेल?" असा थेट प्रश्न घाला.

आता ईडीआय. ईडीआयला येणाऱ्या पाण्याचा कठीणपणा १ मिग्रॅच्या आत लागतो. तुमचा ३४०. आरओने ९८ टक्के अडवला तरी जवळजवळ ७ उरतो. म्हणजे आधी सॉफ्टनर (कठीणपणा काढणारं यंत्र) बसवल्याशिवाय ईडीआयच्या आत चुना धरणार, आणि ईडीआयचा गाभा हा कार्ट्रिजसारखा चटकन बदलायचा भाग नाही.

स्तंभ

सॉफ्टनर तर आरओसाठीही हवाच ना एवढ्या कठीण पाण्याला? मग ईडीआय का नको? आमच्याकडे ईडीआय आल्यापासून टाकीतलं पाणी दिवसभर एकसारखं राहतं. आधी कार्ट्रिजच्या शेवटच्या दिवसांत गुणवत्ता घसरायची आणि पॉलिशरवर ताण यायचा. ब्लँकमध्ये तो फरक दिसायचा. मला हे स्थैर्य फार मोलाचं वाटतं.

पाना_पकड

स्थैर्याचं म्हणणं खरं आहे. फक्त प्रश्न असा की धुण्याच्या शंभर लिटरांना ईडीआयची गरज आहे का? नाही. काचसामानाच्या शेवटच्या खळखळीला आरओचं पाणी चालतं, ऑटोक्लेव्हलाही. उरलेल्या थोड्या पाण्यासाठी पॉलिशरच्या आधी एक डीआय कार्ट्रिज पुरते. रोज अतिशुद्ध पाणीच शंभर-दोनशे लिटर लागत असतं तर मी स्वतः ईडीआय सुचवलं असतं.

ऑटोक्लेव्हबद्दल एक खबरदारी. काहींमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालतो. अतिशुद्ध पाणी भरलंत तर टाकी भरलेली असूनही तो "पाणी नाही" दाखवतो. पुस्तिका वाचून घ्या.

काचनळी

डिस्टिलेशनला एवढं मोडीत काढू नका. सिलिका जाते, क्षार जातात, जंतू आणि त्यांचं एंडोटॉक्सिन (कवचातलं विष) हेही मागे राहतं. युरोपीय फार्माकोपियाने (औषधांच्या दर्जाची अधिकृत नियमावली) इंजेक्शनच्या पाण्यासाठी २०१७ पर्यंत डिस्टिलेशनशिवाय दुसरी पद्धत मानलीच नव्हती. मेम्ब्रेन नाही, रेझिन नाही, संच डोळ्यांना दिसतो, साफ करता येतो. आमच्या पिढीने त्यावर उत्तम विश्लेषण केलं आहे.

निर्झरा

काचनळीकाका, संच टाकून द्यायचा विचार नाहीच. पण रोजच्या दीडशे लिटरसाठी वीज आणि थंड करायचं पाणी किती लागेल?

काचनळी

एक लिटर पाणी उकळून वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात सूट नाही. शिवाय कंडेन्सरला लिटरमागे दहाएक लिटर थंड पाणी. दीडशे लिटरना हे झेपणार नाही हे मान्य. कमी उत्कलनबिंदूचे सेंद्रिय पदार्थ वाफेबरोबर पलीकडे जातात, त्यामुळे एचपीएलसीलाही नको. पण आरओ बंद पडला त्या दिवशी साध्या टायट्रेशनचं काम अडू नये म्हणून संच सज्ज ठेवा. आणि त्याला कठीण पाणी देऊ नका, हीटरवर क्षारांची खापरी बसते. आरओचं द्या.

पेशीजाल

पेशीसंवर्धनाबद्दल अजून कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते.

आमचा शत्रू एंडोटॉक्सिन. ०.२ मायक्रॉनचा फिल्टर जिवंत जंतू अडवतो, त्यांच्या कवचाचे तुकडे अडवत नाही. यूव्हीने जंतू मेले की हे तुकडे उलट पाण्यात सुटतात. त्यासाठी नळाच्या तोंडाशी अल्ट्राफिल्टर (त्याहून खूप बारीक छिद्रांचा गाळक) लागतो. इंजेक्शनच्या पाण्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एंडोटॉक्सिन युनिट आहे, संवेदनशील पेशींना त्याहून बरंच खाली हवं. आरएनएचं काम असेल तर हाच अल्ट्राफिल्टर आरएनएझही (आरएनए तोडणारं एन्झाइम) अडवतो, मग पाण्याला डीईपीसी (आरएनएझ निकामी करणारं रसायन) लावायची गरज उरत नाही.

आता कळकळीने एक सांगायचं आहे. कुठल्याही प्रयोगशाळेत जा, अतिशुद्ध पाण्याच्या नळाला एक पारदर्शक नळी जोडलेली असते आणि ती खाली ठेवलेल्या कॅनमध्ये सोडलेली असते. सोयीसाठी, उभं राहायला नको म्हणून. त्या नळीच्या आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तो जंतूंचा थर आहे. एवढं महागडं अल्ट्राफिल्टर आणि त्याच्या पुढे ही नळी! यंत्र कुठलंही घ्या, नळीवर बंदी घाला.

रक्तगट

क्लिनिकल प्रयोगशाळेतून +१. आमच्याकडे सीएलएसआयचे (क्लिनिकल प्रयोगशाळांची मानकं ठरवणारी संस्था) निकष आहेत: रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) किमान १० मेगाओम-सेंमी, जंतू मिलिलिटरला १० वसाहतींच्या आत, टीओसी ५०० पीपीबीच्या आत. बघा, १८.२ मागितलेलंच नाही, पण जंतूंवर मात्र कडक. कारण जंतू अल्कलाइन फॉस्फटेज सोडतात आणि रुग्णाच्या रक्तातल्या त्याच एन्झाइमच्या चाचणीत, किंवा त्यावर चालणाऱ्या इम्युनोॲसेमध्ये (प्रतिपिंडांवर आधारित चाचणीत), आकडा बिघडवतात.

मानकं वाचताना क्रमांकांवर विसंबू नका. एएसटीएम डी ११९३ (पाण्याच्या शुद्धतेचं एक मानक) मध्ये टाइप २ ची कंडक्टिव्हिटी १ मायक्रोसीमेन्स/सेंमीपर्यंत चालते, आणि टाइप ३ ची फक्त ०.२५. म्हणजे आयनांच्या हिशोबात टाइप ३ जास्त शुद्ध! टीओसीत मात्र उलटं, टाइप २ ला ५० पीपीबी आणि टाइप ३ ला २००. आयएसओ ३६९६ मध्ये तीन श्रेणी: ०.१, १ आणि ५ मायक्रोसीमेन्स/सेंमी. "टाइप २ देतो" असं विक्रेता म्हणाला की कुठल्या मानकाचा, ते लेखी घ्या.

निर्झरा

नळीचं वाचून आमच्या जुन्या प्रयोगशाळेतली नळी आजच काढून टाकली.

टाकीबद्दल विचारायचं राहिलं. एक विक्रेता ३०० लिटरची देतोय, "असू दे जास्तीची" म्हणून. आणि जुन्या यंत्राच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच ५.७ येतो, ते बिघडलंय का?

पाना_पकड

पीएच ५.७ अगदी बरोबर आहे. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि साधारण तिथेच येऊन थांबतं, कंडक्टिव्हिटीही १ मायक्रोसीमेन्स/सेंमीच्या आसपास जाते. मुळात इतक्या शुद्ध पाण्यात पीएचचा इलेक्ट्रोड धड स्थिरावत नाही. पाण्याच्या गुणवत्तेसाठी पीएच मोजणं सोडून द्या.

३०० लिटर नको. टाकी एका दिवसाच्या वापराएवढी, जास्तीत जास्त थोडी वर. पाणी जितकं पडून राहील तितके जंतू. तळ निमुळता हवा म्हणजे पूर्ण रिकामी होते, सपाट तळात नेहमी थोडं पाणी उरतं. भिंत अपारदर्शक, आत यूव्ही, आणि हवा आत येते त्या तोंडावर जंतू व कार्बन डायऑक्साइड दोन्ही अडवणारा व्हेंट फिल्टर. हा छोटासा फिल्टर सगळे विसरतात.

अंशमात्र

आणि सुट्टीनंतर पहिले काही लिटर सोडून द्या. यंत्रात पुनर्चक्रण असलं तरी शेवटच्या नळाच्या तोंडातलं पाणी तसंच पडून असतं.

निर्झरा

आता बरंच स्पष्ट झालंय. विचार असा: गाळ फिल्टर, कार्बन, सॉफ्टनर, मग मध्यवर्ती आरओ आणि दीडशे लिटरची टाकी. धुणं आणि ऑटोक्लेव्हला थेट तिथून. पुढे डीआय कार्ट्रिज आणि दोन पॉलिशर, एक एचपीएलसीकडे १८५ नॅनोमीटर दिवा आणि टीओसी मीटरसह, दुसरा पेशीसंवर्धनात अल्ट्राफिल्टरसह. आयसीपी-एमएस आलं की त्याच्यासाठी वेगळा. आरओचं टाकाऊ पाणी वाया जातंय याचं मात्र वाईट वाटतं. रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यापैकी शुद्ध होऊन मिळणारा भाग) ७५ टक्क्यांवर न्यावी का?

पाना_पकड

मांडणी छान आहे. रिकव्हरी ७५ नको, तुमची सिलिका आडवी येते. ७५ टक्क्यांना टाकाऊ बाजूला क्षार चौपट होतात, म्हणजे २८ ची सिलिका ११२. पाण्यात सिलिका विरघळायची मर्यादा २५ अंशाला १२० च्या आसपास आहे, थंडीत त्याहून कमी. सॉफ्टनर सिलिका काढत नाही, आणि मेम्ब्रेनवर एकदा सिलिका बसली की ॲसिडनेही निघत नाही. ५० टक्क्यांवर ठेवा, सिलिका ५६ होईल, निर्धास्त. टाकाऊ पाणी वेगळ्या टाकीत घेऊन स्वच्छतागृहांना आणि फरशीला वापरा.

खरेदीच्या अटींत काही गोष्टी टाका. कार्ट्रिज आणि दिव्यांचा पाच वर्षांचा खर्च मूळ किमतीसोबत लेखी मागा, कारण स्वस्त यंत्राची कार्ट्रिज बऱ्याचदा फक्त त्याच कंपनीची बसते. रेझिस्टिव्हिटीचा तापमान-दुरुस्ती न केलेला आकडाही पडद्यावर बघता आला पाहिजे. यंत्राखाली गळती ओळखून पाणी बंद करणारा सेन्सर हवा, रात्री कुणी नसतं. आणि बसवल्याच्या दिवशीचा आकडा बघून सही करू नका. रेझिन नवं असताना सगळंच चांगलं दिसतं. निव्वळ बोअरचं पाणी देऊन काही आठवडे चालवा, स्तंभ म्हणाले तो कोरा ग्रेडियंट, एंडोटॉक्सिन आणि जंतूंची मोजणी करा, ते सगळं निकषात बसलं की उरलेली रक्कम द्या.

स्तंभ

कोऱ्या ग्रेडियंटची आमची पद्धत आणि तोलण्याचे वेळ लिहून संध्याकाळी इथेच टाकतो. विक्रेत्याला आधीच दाखवा, म्हणजे नंतर वाद नको.